ओसामू तेझुका : वहीच्या मागच्या पानावरून जगभर



आजचा लेख एका मोठ्या चित्रकथाकाराच्या चरित्रावर आहे. पण त्याआधी माझ्या वर्गातली एक चूक सांगते. चूक माझीच आहे.

मागच्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. गणिताच्या वह्या तपासताना एका मुलाच्या वहीची मागची आठ-दहा पानं राक्षसांनी भरलेली दिसली. कुणाला शिंगं, कुणाला तीन डोळे. प्रत्येकाच्या शेजारी आकडे. मला राग आला. वजाबाकी येत नाही आणि राक्षस काढतोय! मी ती वही काढून घेतली आणि कपाटात ठेवून दिली. मुलगा काही बोलला नाही, पण पुढचे चार दिवस तो मधल्या सुट्टीत एकटाच बसून होता.

पाचव्या दिवशी कपाट आवरताना वही हाताला लागली आणि या वेळी मी ती नीट पाहिली. एका राक्षसाची शक्ती १२०. तलवारीचा वार ३५. उरली ८५. मग जादूगाराचा वार ४७, उरली ३८. पानभर हातच्याच्या वजाबाक्या, आणि जवळजवळ सगळ्या बरोबर. फळ्यावर ज्या गणिताला तो गप्प उभा राहायचा, तेच गणित. नंतर कळलं की चार मुलं मिळून हा खेळ खेळायची. सापशिडीचा फासा टाकायचा, एकजण गोष्ट सांगणार, बाकीचे तिघं योद्धा, जादूगार आणि वैद्य. मी फक्त वही जप्त केली नव्हती, चार मुलांचा खेळ बंद केला होता.

हे सगळं मुलांनी टीव्हीवरच्या जपानी कार्टूनमधून आणि मोबाइलवरच्या खेळांतून उचललं होतं. म्हणून मी त्याच्या मुळाशी जायचं ठरवलं. शोधता शोधता ज्या माणसापाशी पोचले, त्याचं नाव ओसामू तेझुका. जपानमध्ये त्यांना मांगाचा देव म्हणतात. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन. गंमत अशी की या देवाची सुरुवातही शाळेच्या वहीतच झाली होती.

बालपण

ओसामू यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाका प्रांतातल्या टोयोनाका इथे झाला. तीन भावंडांत ते थोरले. ते लहान असतानाच कुटुंब जवळच्या ताकाराझुका गावी राहायला गेलं. हे गाव एका खास नाट्यसंस्थेसाठी प्रसिद्ध आहे. तिथे पुरुषांच्या भूमिकासुद्धा स्त्रियाच करतात. (आपल्याकडे बालगंधर्वांच्या काळात याच्या बरोबर उलटं होतं!) आई लहानग्या ओसामूला ही नाटकं बघायला घेऊन जायची. वडिलांकडे घरी सिनेमा दाखवायचं छोटं यंत्र होतं. त्यावर डिस्नेची कार्टून आणि चार्ली चॅप्लिनचे मूकपट बघायला मिळायचे. आई चित्रकथा वाचून दाखवायची, तीही प्रत्येक पात्राचा आवाज बदलून.

शाळेत मात्र त्याचे हाल होते. अंगाने किरकोळ, कुरळे केस, खेळात मागे. मुलं चिडवायची, त्रास द्यायची. पण त्याच्या हातात चित्र होतं. तो वहीत चित्रकथा काढायचा, त्या वह्या वर्गात एकाकडून दुसऱ्याकडे फिरायच्या आणि हळूहळू चिडवणारी मुलंच पुढचा भाग मागायला लागली. वह्या शिक्षकांच्याही नजरेला पडल्या. निबंध शिकवणाऱ्या त्याच्या शिक्षकांनी त्याला भरपूर लिहायला लावलं, मोकळेपणाने लिहायला लावलं. तेझुका आयुष्यभर त्या शिक्षकांची आठवण काढत राहिले.

दुसरं वेड किड्यांचं. ओसामू तासन्‌तास डोंगरात किडे गोळा करायचा आणि त्यांची हुबेहूब चित्रं काढायचा. जपानी भाषेत ओसामुशी नावाचा एक भुंग्यासारखा किडा आहे. आपल्या नावाशी जुळतं म्हणून त्याने स्वतःच्या नावाला किडा या अर्थाचं अक्षर जोडून टाकलं. पुढे जगाने त्यांना ओळखलं ते याच किड्याच्या नावाने.

युद्ध आणि वाचलेले हात

मग युद्ध आलं. शाळकरी मुलांनाही कारखान्यात आणि शिबिरात कामाला जुंपलं जात होतं. अशाच एका शिबिरात ओसामूच्या दोन्ही हातांना बुरशीचा भयंकर संसर्ग झाला. हात कापावे लागतात की काय अशी वेळ आली. एका डॉक्टरांच्या उपचारांनी हात वाचले, आणि आपणही डॉक्टर व्हायचं हे त्याने तेव्हा ठरवलं. चित्रकाराचे हात जाता जाता राहिले, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

जून १९४५ मध्ये ओसाकावर मोठा बॉम्बहल्ला झाला तेव्हा तो कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होता. बॉम्ब जवळच पडले. तो वाचला, पण खाली उतरल्यावर जे दिसलं ते कधी विसरला नाही. जळालेलं शहर, नदीकाठी पडलेली माणसं. तेझुकांच्या गोष्टींमध्ये मरण पुन्हापुन्हा का येतं आणि ते कधीच गमतीचं का नसतं, याचं उत्तर इथे आहे.

डॉक्टर की चित्रकार?

त्याच वर्षी ते ओसाकाच्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाले. आणि १९४६ च्या जानेवारीत, वयाच्या सतराव्या वर्षी, मुलांच्या वर्तमानपत्रात त्यांची चार चौकटींची चित्रमालिका सुरू झाली. १९४७ मध्ये ‘शिन ताकाराजिमा’ म्हणजे ‘नवा खजिन्याचं बेट’ हे पुस्तक आलं. त्याची कथा साकाई शिचिमा यांची आणि चित्रं तेझुकांची. युद्धात सगळं गमावलेल्या मुलांच्या हातात स्वस्त, लाल मुखपृष्ठाची पुस्तकं पडत होती, त्यांतलंच हे एक. त्याच्या लाखो प्रती खपल्या असं सांगतात.

त्यात वेगळं काय होतं? गोष्ट सिनेमासारखी हलत होती. गाडी लांबून येते, जवळ येते, चालवणाऱ्या मुलाचा चेहरा मोठा होतो. एकच क्षण अनेक चौकटींत पसरवलेला. लहानपणी घरच्या पडद्यावर पाहिलेले मूकपट इथे कामी आले.

आता प्रश्न असा की डॉक्टर व्हायचं की चित्रकार? तेझुकांनी आईला विचारलं. आईने उलट विचारलं की तुला मनापासून काय आवडतं. त्यांनी मांगा असं सांगितलं, तर आई म्हणाली की मग तेच कर. पालकहो, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशात, डॉक्टरकीला लागलेल्या थोरल्या मुलाला आई हे सांगते आहे! पण तेझुकांनी शिक्षणही अर्धवट सोडलं नाही. ते पदवीधर झाले, वैद्यकीय परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९६१ मध्ये संशोधन करून डॉक्टरेटही मिळवली. रुग्ण मात्र त्यांनी तपासले ते कागदावरच. १९७३ पासून आलेली ‘ब्लॅक जॅक’ ही त्यांची गाजलेली मालिका एका विनापरवाना पण कुशल शल्यविशारदाची आहे.

एका खोलीची गोष्ट

१९५० च्या दशकात तेझुका टोकियोला आले आणि तोकिवा-सो नावाच्या साध्या लाकडी इमारतीत एका खोलीत राहिले. ते गेल्यावर त्यांच्या खोलीत दोन तरुण मित्र राहायला आले. ते दोघं पुढे फुजिको फुजिओ या जोडनावाने प्रसिद्ध झाले. आपल्या घराघरात पोचलेला डोरेमॉन या जोडनावाखालीच जन्मला. म्हणजे नोबिता आणि डोरेमॉन बघणारं आपलं पोर नकळत तेझुकांच्या खोलीपर्यंत जाऊन आलेलं असतं.

याच काळात त्यांच्या मोठ्या मालिका सुरू झाल्या. सिंहाच्या छाव्याची ‘जंगल सम्राट’ (१९५०), माणसाचं मन असलेल्या यंत्रमुलाची ‘अ‍ॅटम’ (१९५२) आणि राजपुत्र म्हणून वाढवलेल्या राजकन्येची गोष्ट (१९५३). या शेवटच्या गोष्टीत ताकाराझुकाची नाटकं डोकावतात हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पालक आणि शिक्षक रागावले तेव्हा

१९५५ च्या सुमारास जपानमध्ये वाईट पुस्तकं हटवा अशी चळवळ जोरात होती. मातांच्या संघटना, पालक-शिक्षक संघ यांनी मांगाला लक्ष्य केलं. मुलं बिघडतात, अभ्यास करत नाहीत, वेळ वाया घालवतात, अशा तक्रारी होत्या. काही ठिकाणी पुस्तकं जाळलीही गेली. तेझुकांवरही टीका झाली. ज्या माणसाच्या कथांमध्ये युद्धाचा, भेदभावाचा, क्रूरतेचा विरोध भरलेला होता, त्यालाही मुलांना बिघडवणारा ठरवलं गेलं.

हे वाचताना मला माझं कपाट आठवलं. त्या पालकांची काळजी खोटी नव्हती, आपलीही नसते. बाजारात वाईट पुस्तकं होतीच, आज वाईट खेळही आहेत. चूक एवढीच झाली की आत काय आहे हे न बघता शिक्का मारला.

छोट्या पडद्यावर

१ जानेवारी १९६३ रोजी ‘अ‍ॅटम’ जपानी दूरदर्शनवर सुरू झाला. तेझुकांनी स्वतः उभ्या केलेल्या मुशी प्रॉडक्शनने तो बनवला. मुशी म्हणजे किडा! दर आठवड्याला अर्ध्या तासाचं ॲनिमेशन, असं जपानमध्ये यशस्वीपणे कुणी केलं नव्हतं. १९६६ च्या अखेरपर्यंत १९३ भाग झाले.

पण हे जमलं कसं? सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. प्रत्येक चौकटीला नवं चित्र काढायचं तर दर आठवड्याला हजारो चित्रं. तेवढे पैसे नव्हते आणि माणसंही नव्हती. मग तेझुकांच्या चमूने युक्त्या काढल्या. एकच चित्र तीन चौकटींना वापरायचं. चेहरा स्थिर, फक्त तोंड हलवायचं. चित्र स्थिर ठेवून कॅमेरा सरकवायचा. उड्डाणाचं, पळण्याचं चित्रण जपून ठेवायचं आणि पुढच्या भागात पुन्हा वापरायचं.

आज आपण ॲनिमे बघतो तेव्हा लढाईच्या ऐन क्षणी सगळं थांबतं, मागे वेगाच्या रेषा धावतात, नायक मनातल्या मनात विचार करतो. मुलांना ती खास शैली वाटते. तिच्यामागे काटकसर आहे. अडचणीतून निघालेली वाटच पुढे रीत झाली.

आता खेळाकडे या. १९८६ मध्ये जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ नावाचा व्हिडिओ गेम आला. युजी होरी यांची रचना, चित्रं ‘ड्रॅगन बॉल’वाल्या अकिरा तोरियामांची. संपूर्ण खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसवला होता. आज मोबाइलवरचा एक फोटोही याहून कितीतरी मोठा असतो. मग तिथेही तीच काटकसर. राक्षस समोर स्थिर उभा, वार झाला हे शब्दांत लिहून येतं आणि आकडा कमी होतो. एकाच थुलथुलीत राक्षसाचा रंग बदलला की नवा राक्षस तयार. दोन्हीकडे साधनं कमी होती आणि उरलेली जागा बघणाऱ्याने आपल्या कल्पनेने भरायची होती. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत तरी दुसरं काय होतं? एक चित्र आणि एक आकडा.

डोरोरो : अठ्ठेचाळीस राक्षसांची गोष्ट

तेझुकांच्या सगळ्या कामात मला या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची वाटली ती ‘डोरोरो’. १९६७ मध्ये ही मालिका एका साप्ताहिकात सुरू झाली. गोष्ट जपानमधल्या यादवी युद्धांच्या काळातली. एका सरदाराला सत्ता हवी असते. तो ४८ राक्षसांशी करार करतो आणि बदल्यात देतो आपल्या न जन्मलेल्या मुलाच्या शरीराचे ४८ भाग. मूल जन्मतं ते डोळे, कान, हात, पाय काहीच नसलेलं. त्याला नदीत सोडून देतात. (आपल्याला इथे कर्ण आठवल्याशिवाय राहत नाही.) एका वैद्याला ते सापडतं. तो त्याला लाकडाचे हातपाय करून देतो आणि त्यांत तलवारी लपवतो. मोठा झालेला ह्याक्किमारू एकेक राक्षस शोधतो. एक राक्षस मारला की शरीराचा एक भाग परत. सोबतीला डोरोरो नावाचं एक लहान, बोलघेवडं, चोऱ्या करणारं पोर.

वैद्याने वाचवलेलं मूल, आणि त्याचे हात. शिबिरातले ते दिवस आठवले ना?

आता जरा वेगळीकडे बघू. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात पडदा नाही, यंत्र नाही. टेबलाभोवती मित्र बसतात. एकजण गोष्ट सांगणारा सूत्रधार. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी जखमा बऱ्या करणारा पुजारी. अवघड प्रसंगी फासे टाकायचे, त्यांत एक वीस बाजूंचाही असतो. पराक्रम केला की गुण मिळतात आणि गुण साठले की पात्र एक पायरी वर चढतं. मुलं ज्याला लेव्हल म्हणतात ती हीच.

तेझुकांचा या अमेरिकन खेळाशी काही संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगते. ‘डोरोरो’ त्याच्या सात वर्षं आधीची. तरीही रचना बघा किती सारखी आहे. मोठं ध्येय छोट्या टप्प्यांत तोडलेलं. प्रत्येक टप्प्यावर एक शत्रू. जिंकलं की दिसेल असं बक्षीस. एकटा नायक पुरत नाही, सोबती लागतो. आणि गोष्ट दर आठवड्याला पुढे सरकते, साप्ताहिकात तशी आणि टेबलावरही तशीच. २००४ मध्ये ‘डोरोरो’वर खरोखरच व्हिडिओ गेम निघाला. गोष्ट मुळात इतकी खेळासारखी होती की राक्षस मारा, अवयव मिळवा हे त्यात जसंच्या तसं बसलं.

पुढे जपानमध्ये हे दोन प्रवाह उघड एकत्र आले. होरी यांनी अमेरिकन संगणक खेळ पाहून ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला. त्याच १९८६ मध्ये काही मित्रांनी टेबलावर खेळलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा संवादरूप वृत्तांत एका मासिकात छापून येऊ लागला. त्यातून कादंबरी झाली आणि १९९० मध्ये ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ हे ॲनिमे आलं. म्हणजे मित्रांनी फासे टाकून रचलेली गोष्ट थेट पडद्यावर!

तेच नट, नवी भूमिका

तेझुकांची आणखी एक पद्धत सांगण्यासारखी आहे. ते आपल्या पात्रांना नाटक कंपनीतले नट समजायचे. मोठ्या मिशांचा एक म्हातारा एका गोष्टीत गुप्तहेर, दुसरीत शिक्षक, तिसरीत आणखी कुणी. एका गोष्टीतला खलनायक दुसरीत सज्जन म्हणून येऊ शकतो. मिशीवाला म्हातारा तर शाळेतल्या मित्राने काढलेल्या आजोबांच्या चित्रावरून आला होता असं म्हणतात.

भूमिका घेण्याचा खेळ याहून वेगळा काय असतो? वर्गातला सगळ्यांत बुजरा मुलगा तासभर राजा होतो आणि दांडगा मुलगा जखमा बांधणारा वैद्य होतो. आपल्याकडे दशावतारात, शाळेच्या नाटकात, भातुकलीत हेच होतं. मुलाला स्वतःपेक्षा वेगळं होऊन बघायचं असतं. आपण त्याला रिकामटेकडेपणा म्हणतो.

मरण खरं असतं

इथपर्यंत साम्य सांगितलं. आता फरक. पालकांनी खास वाचावा असा भाग हाच आहे.

व्हिडिओ गेममध्ये नायक मेला तर पुन्हा सुरू करा असं बटण येतं. तेझुकांच्या गोष्टीत ते बटण नाही. ‘अ‍ॅटम’च्या दूरदर्शन मालिकेच्या शेवटच्या भागात पृथ्वीला वाचवण्यासाठी तो छोटा यंत्रमुलगा सूर्याच्या दिशेने झेपावतो आणि परत येत नाही. ‘जंगल सम्राट’च्या शेवटी सिंह लिओ बर्फात गोठणाऱ्या आपल्या माणूस मित्राला वाचवण्यासाठी स्वतःचा जीव देतो. जपानी मुलं हे बघून रडली. बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्या माणसाला मरण हा खेळ आहे असं मुलांना सांगणं शक्यच नव्हतं.

बक्षिसाचंही तसंच. बहुतेक खेळांत जिंकल्यावर अधिक धारदार तलवार मिळते. ह्याक्किमारूला मिळतो माणसाचा साधा अवयव. तलवार लपवलेला लाकडी हात जातो आणि हाडामांसाचा, दुखणारा हात येतो. तो जिंकत जातो तसा शस्त्र कमी आणि माणूस जास्त होत जातो. वर चढणं म्हणजे बलवान होणं की माणूस होणं, हा प्रश्न या गोष्टीत आहे. आपल्या मुलांच्या हातातला खेळ यांपैकी कोणतं उत्तर देतो, हे आपण शेजारी बसून बघायला हवं.

चुका आणि पडझड

चरित्र सांगताना फक्त गौरव नको. तेझुकांनी ‘अ‍ॅटम’चे भाग वाहिनीला खर्चापेक्षा बऱ्याच कमी पैशांत दिले. त्यामुळे ॲनिमे स्वस्तात बनतं असा पायंडा पडला आणि या धंद्यातले कलाकार आजही कमी पगारात राबतात याचा दोष त्यांना अनेकजण देतात. ते स्वतः झोप विसरून काम करायचे आणि आजूबाजूच्यांनाही तसंच राबावं लागायचं. तरुण चित्रकारांचा त्यांना हेवा वाटायचा. शोतारो इशिनोमोरी या तरुण चित्रकाराच्या कामावर त्यांनी कडवट टीका केली, पण नंतर चूक समजल्यावर त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. मोठ्या माणसाने लहानाची माफी मागणं सोपं नसतं. वर्गात तर नसतंच नसतं.

‘डोरोरो’ही तेव्हा वाचकांना फार गडद वाटली. साप्ताहिकातली मालिका मध्येच थांबली आणि १९६९ मध्ये दुसऱ्या मासिकात तिचा कसाबसा शेवट झाला, तोही सगळे अवयव परत मिळण्याआधीच. १९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शन दिवाळखोरीत गेलं. तेझुकांचा जमाना संपला असं लोक म्हणू लागले. त्याच महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, ‘ब्लॅक जॅक’ सुरू झाली आणि पंचेचाळिशीतला हा माणूस पुन्हा उभा राहिला.

आपल्या मातीतला नायक

१९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं तेझुकांनी ‘बुद्ध’ ही प्रदीर्घ चित्रकथा काढली. कपिलवस्तूचा राजपुत्र सिद्धार्थ, त्याचा गृहत्याग, मगधाचं राज्य, अंगुलिमाल हे सगळं त्यात आहे. शिवाय त्यांनी आपली कल्पित पात्रंही घातली. सुरुवातीचा मोठा भाग एका गुलाम मुलाभोवती फिरतो आणि जन्मावरून माणसाला खालचं ठरवण्याचा राग पानापानावर जाणवतो. हे पुस्तक धर्मग्रंथ म्हणून वाचायचं नाही, त्यात कल्पना बरीच आहे. पण ज्या महाराष्ट्रात बुद्धाचं नाव लाखो घरांत रोज घेतलं जातं, तिथे हे काम माहीत असायला हवं असं मला वाटतं.

शेवटपर्यंत पेन्सिल

तेझुकांनी आयुष्यात सुमारे ७०० चित्रकथा आणि दीड लाखाच्या आसपास पानं काढली. त्यांना पोटाचा कर्करोग झाला. त्या काळच्या जपानी पद्धतीप्रमाणे आजाराचं नाव त्यांना सांगितलं गेलं नव्हतं. रुग्णालयातल्या खाटेवरही त्यांचं चित्र काढणं चालू होतं. शेवटच्या दिवसांतही ते पेन्सिल मागत होते. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, टोकियोत त्यांचं निधन झालं. तीन मालिका अपुऱ्या राहिल्या. ज्या कामाला ते आपल्या आयुष्याचं काम म्हणत, ती अमर पक्ष्याची ‘फिनिक्स’ही अपुरीच राहिली. १९९४ मध्ये ताकाराझुकात त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं राहिलं, जिथे आई त्यांना नाटकाला न्यायची त्याच गावात.

वर्गात काय करता येईल?

मी जे करून पाहिलं ते सांगते. फार मोठं काही नाही.

१. वही परत दिली आणि वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. सुरुवात इथूनच करावी लागली.

२. आठवड्यातून एक तास गोष्टीचा खेळ. चार-चार मुलांचे गट. एक सूत्रधार, तीन पात्रं, एक फासा. राक्षसाची शक्ती तीन अंकी हवी. सगळी वजाबाकी वहीत मांडायची.

३. एक नियम मुलांशी बोलून ठरवला. प्रत्येक राक्षसाला एक कारण हवं. तो असा का झाला ते आधी लिहायचं, मगच लढाई. यातून मराठीचा परिच्छेद लिहून होतो. दोन गटांनी तर राक्षसाशी न लढता त्याची अडचणच सोडवली.

४. जिंकल्यावर मिळणारं बक्षीस शस्त्र नसावं, गुण असावा. म्हणजे ऐकायला येणं, रडू येणं, मित्र ओळखता येणं. ही कल्पना अर्थातच ह्याक्किमारूकडून घेतली.

पालकांनी घरी एवढंच करावं. मूल कार्टून बघत असेल किंवा खेळत असेल तर दहा मिनिटं शेजारी बसावं आणि हा राक्षस कुठून आला, याला काय हवंय, एवढं विचारावं. उत्तर ऐकावं. वेळेची मर्यादा घालायचीच, पण आत काय आहे हे बघून मग.

तो मुलगा आता पाचवीत गेला. गणितात पहिला वगैरे आला नाही, अजूनही हातचा विसरतो. पण परवा व्हरांड्यात भेटला तेव्हा नवी वही दाखवायला स्वतःहून आला. मागची पानं नाही, या वेळी पहिल्या पानापासून राक्षस होते. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

तुमच्या वर्गात अशी एखादी वही असेल तर आधी उघडून बघा. आणि काय सापडलं ते मलाही नक्की कळवा.